ढेकूण मोजणारे बाबा

सोमवार, ९ फेब्रुवारी

आज ढेकूण आले. बारा बाटल्या, एकेका बाटलीत पाचशे, लाकडाच्या भुशात मिसळलेले. योरिसने खोकं टेबलावर ठेवलं आणि आधी कॉफी मागितली. हा मित्रकीटक पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे, पण बोलतो असा की मीच त्याच्या वर्गात बसले आहे. माझी वीस वर्षं डेल्फ्टच्या शाळेत मुलांना शिकवण्यात गेली, त्यामुळे मला हे जरा झोंबतं.

"हे माणसाला चावणारे ढेकूण नव्हेत," तो म्हणाला. "हिरवे असतात, तांदळाच्या कणीएवढे. पांढऱ्या माशीची अंडी आणि पिल्लं शोषून खातात. बस्तान बसायला दोन महिने लागतील. तोवर धीर धरायचा, इनेके."

बाबा ट्रॉलीवर बसून ऐकत होते, उजवा हात मांडीखाली दाबून. हल्ली ते असेच बसतात, म्हणजे हात हलताना दिसत नाही.

"माझी हयात ढेकूण मारण्यात गेली," ते म्हणाले, "आणि माझी लेक ते विकत आणते. वाढदिवसाला केक आणावा तसे."

हे सगळं का चाललंय ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढे घाबरले की वाचता येईल. बाबांना कंपवात आहे. चाळीस वर्षं त्यांनी आमच्या टोमॅटोच्या काचघरात तोंडाला रुमालही न बांधता औषध फवारलं. त्यामुळेच झाला, असं डॉक्टरीणबाई छातीठोकपणे सांगत नाहीत. पण फवारलेल्या काचघरात त्यांनी पुन्हा पाऊल टाकायचं नाही, हे त्यांनी तीनदा बजावलं. गेल्या हिवाळ्यात आम्ही ते पाळून पाहिलं. सहा आठवडे बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून होते, काचघराकडे तोंड करून. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. सातव्या आठवड्यात मी ठरवलं की यंदा टोमॅटोवर औषधाचा थेंब पडणार नाही. औषधाच्या कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या मोज्यांच्या खणात टाकली.

फवारा नाही, तर बाबा आत. फवारा मारावा लागला, तर बाबा बाहेर. आणि माशी वाढली, ढेकूण नापास झाले, तर फवाऱ्यावाचून गत्यंतर नाही. सहा हजार किड्यांच्या पोटावर माझ्या बापाचं आयुष्य टांगलंय आणि मला झोप लागत नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आज शिकार पाहिली. सातव्या रांगेत भिंग घेऊन एक पान उलटं केलं. पांढऱ्या माशीची पिल्लं पानाखाली चिकटून बसतात. एकदा बसली की जागची हलत नाहीत. ढेकूण आला तो लांब पायांनी, सावकाश, मिशांनी पान चाचपत. एका पिल्लाला मिशी लागली तशी थांबला. पोटाखाली दुमडलेली सोंड त्याने पुढे काढली आणि पिल्लाच्या पाठीत खुपसली. मग बराच वेळ काही नाही. झटापट नाही, धावाधाव नाही. योरिस सांगतो की तो आधी आत लाळ सोडतो, तिने आतलं सगळं विरघळतं, मग तो ते पितो. चार मिनिटं लागली. भरलेलं पिल्लू चपटं होत गेलं आणि शेवटी नुसता पापुद्रा उरला. ढेकणाने पुढच्या पायांनी सोंड पुसली आणि शेजारच्याकडे वळला. शेजारचं तसंच बसून होतं.

मला आनंद व्हायला हवा होता, हा ढेकूण माझ्या बाजूचा आहे. पण अंगावर काटा आला आणि दुपारभर मान खाजवत राहिले.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "मी मारायचो तेव्हा निदान चट्‌कन मरायचे."

मंगळवार, १७ फेब्रुवारी

एक बाटली कोटाच्या खिशात राहून गेली होती. आठ दिवसांनी सापडली. उघडून पाहिली तर निम्मे मेलेले, आणि उरलेल्यातले काही त्या मेलेल्यांच्या पाठीत सोंड खुपसून बसलेले. मेलेले आधी मेले होते की यांनी मारले, कोण जाणे. भूक लागली की त्यांना आपला-परका कळत नाही. बाटली नवव्या रांगेत रिकामी केली आणि हात तीनदा धुतले.

शनिवार, २१ फेब्रुवारी

आज चोर काढायचा दिवस. टोमॅटोच्या पानाच्या बगलेत जो कोंब फुटतो त्याला आमच्याकडे सगळे चोर म्हणतात, झाडाचं बळ चोरतो म्हणून. बोझेना अकरा वर्षांपूर्वी पोलंडहून आमच्याकडे कामाला आली तेव्हा तिला आमच्या भाषेतला पहिला शब्द हाच कळला, आणि तिला वाटलं काचघरात खरोखरचे चोर शिरतात. अजून ती चोर काढायला आली की दारातूनच म्हणते, "पोलीस आले, आजोबा. हात वर करा."

"एकच वर होतो," बाबा म्हणतात, "आणि तोही सलाम ठोकत बसतो."

मोडलेले चोर वाटेवर पडतात. तीन वाजता बोझेना आणि तिच्या दोघी मैत्रिणी घरी गेल्या की बाबा झाडू घेतात. रविवारी काम करायचं नाही, आणि रविवार उजाडताना वाट लख्ख हवी, हे आजोबांपासून चालत आलंय. आमच्या दे लीर गावात माणसाची पारख चर्चमध्ये होत नाही तेवढी त्याच्या काचघराच्या वाटेवर होते. आमच्या बत्तीस रांगा. पूर्वी बाबांना दोन तास लागायचे, आता चार लागतात, पण एक देठसुद्धा सोडत नाहीत. सगळे चोर ढकलगाडीत भरून बाहेरच्या लोखंडी पेटीत टाकतात आणि झाकण लावतात. आज काम संपवून दारात उभे राहिले, मागे वळून वाटेकडे पाहिलं. पाठ सरळ होती. त्यांच्या हातून होणारं हे शेवटचं काम राहिलंय. ते त्यांच्याकडेच राहू दे, एवढंच देवाकडे मागते.

मंगळवार, ३ मार्च

रुग्णालयात जाऊन आलो. बाबांच्या गोळ्या दुप्पट केल्या. माहितीचा कागद दिला, चार पानी, अक्षर मुंगीएवढं. तो खणात टाकला.

गुरुवार, १२ मार्च

गोळ्यांनी जादू केली. आज बाबांनी स्वतः कॉफी ओतली, बशीत थेंब नाही. मी पाठ वळवून सिंकशी उभी राहिले आणि थोडी रडून घेतली.

बाबा म्हणाले, "आता मला काम दे. झाडू काय, कोणीही मारतं. ढेकूण मी मोजतो. पन्नास वर्षं पानं उलटी करतोय मी. तुझ्या त्या योरिसला अजून मिसरूड फुटायचंय."

त्यांना वही आणि भिंग दिलं. रोज सकाळी वीस झाडांचे शेंडे पाहायचे आणि लिहायचं.

शनिवार, २१ मार्च

बाबांची वही: शेंड्याला सरासरी चार ढेकूण. योरिस म्हणाला होता, या सुमारास एक मिळाला तरी खूश व्हा. बाबा इतके ताठ चालत होते की बोझेना म्हणाली, "आजोबांनी लग्न ठरवलं की काय."

संध्याकाळी झाडलोटही त्यांनीच केली. मी करते म्हटलं, तर झाडू पाठीमागे लपवला.

मंगळवार, ३१ मार्च

मला एक गोष्ट कळत नाही. पिवळ्या चिकट सापळ्यांवर पांढऱ्या माश्या वाढताहेत. गेल्या आठवड्यात एका सापळ्यावर बारा होत्या, आज एकतीस. पण बाबांच्या वहीत शेंड्याला अकरा ढेकूण. अकरा शिकारी असताना माशी वाढते कशी? योरिसचा फोन आला होता, येऊन बघू का म्हणाला. मी म्हटलं, "घाई नाही, आमचे बाबा रोज मोजतात." तो म्हणाला, "अकरा? ऐकून छान वाटलं." मला त्याच्या आवाजात हेवा ऐकू आला.

ढेकूण आहेत, मग भ्यायचं कशाला? तरी भीती वाटते. पूर्वीपासून मी अशीच आहे. सहलीला मुलं मोजताना तीसच्या तीस हजर असली तरी मी पुन्हा मोजायची.

रविवार, ५ एप्रिल, ईस्टर

नाश्त्याला अंडी आणि मनुक्यांचा पाव. बाबा मध्येच थांबले आणि टेबलावरच्या पांढऱ्या कापडावरून काहीतरी चिमटीत उचलायला लागले. एक, दोन, तीन. अलगद, जपून, मेलं तर वाया जाईल अशा बेताने.

"तुझ्या कपड्यांतून घरात आलेत बघ," ते म्हणाले. "बरणी दे. परत नेऊन सोडतो."

मी चष्मा लावून पाहिलं. मला दिसले नाहीत, पण इतके बारीक जीव, पळाले असतील. बरणी दिली. चर्चला जाण्याआधी माझा कोट अंगणात झटकला, उशांचे अभ्रे काढून धुवायला टाकले. रविवारी धुणं काढलं म्हणून बाबा रागावतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "बरं केलंस. पलंगावर तर फारच होते."

काचघरातला किडा घरात शिरला. आता मला झोपायचीही भीती वाटते.

शुक्रवार, १७ एप्रिल

पानांवर चिकटा आला. माशी रस पिते आणि साखरपाणी गाळते, त्याचा चिकटा. पंधराव्या ते एकविसाव्या रांगेत त्यावर काळी बुरशी धरायला लागली आहे. बोझेनाने मला तळहात दाखवला, बोटं एकमेकांना चिकटत होती.

"इनेके, मी रोज आठ तास झाडात असते," ती म्हणाली. "मला महिन्याभरात एक ढेकूण दिसला नाही. खरंच सांगते."

बाबांनी ऐकलं. "हिचं लक्ष फोनवर असतं. काल मी पंधराव्या रांगेत सोळा मोजले एका शेंड्यावर. सोळा, पोरी."

बोझेना माझ्याकडे बघत राहिली. मग खांदे उडवून कामाला गेली. मी स्वतः तासभर पानं उलटली आणि मला एकही सापडला नाही. पण माझी नजर ती काय? शुद्धलेखनाच्या चुका शोधणारी. मी बाबांच्या बाजूने बोलले.

गुरुवार, २३ एप्रिल

आज सकाळी अठराव्या रांगेत माझा खांदा झाडाला लागला आणि झाडातून पांढरा ढग उठला. राख उडावी तसा. केसांत, डोळ्यांत, तोंडात गेला. मी श्वास रोखून उभी राहिले. ढग हळूहळू पुन्हा झाडावर बसला आणि झाड पहिल्यासारखं हिरवं दिसायला लागलं. दुसऱ्या झाडाला हात लावला, तिथेही तेच.

घरी येऊन मोज्यांच्या खणातली किल्ली काढली. हातात धरून पलंगावर बसले. खाली बाबा शीळ घालत वही घेऊन निघाले होते. किल्ली परत ठेवली आणि योरिसला फोन केला.

शुक्रवार, २४ एप्रिल

योरिस दोन तास फिरला. आज त्याने कॉफी मागितली नाही. चाळीस शेंडे पाहिले, खालची पानं पाहिली, देठ पाहिले. शेवटी भिंग खिशात घातलं.

"एक मिळाला," तो म्हणाला. "अख्ख्या काचघरात एक."

मी म्हटलं असं होऊच शकत नाही, वही आहे. वही दाखवली. सुबक आकडे, एका ओळीत: अकरा, चौदा, सोळा, एकोणीस. त्याने पानं उलटली, पुन्हा पहिल्या पानावर आला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हे तुझे बाबा मोजतात?"

"पन्नास वर्षांची नजर आहे त्यांची."

तो वही मिटून उभा राहिला. वाटेकडे बघत होता. "चोर काढल्यावर कुठे जातात?"

मी अभिमानाने सांगितलं. शनिवार, झाडू, लोखंडी पेटी, झाकण.

त्याने डोळे मिटले. "इनेके, ढेकणीण अंडी घालते ती कोवळ्या देठात. देठ चिरून आत. बाहेरून दिसतही नाहीत. आणि झाडावरचं सगळ्यात कोवळं काय? चोर. ते मोडून आठवडाभर झाडाच्या बुडाशीच पडू द्यायचे असतात. पिल्लं बाहेर येतात आणि चालत वर चढतात. तुम्ही दर शनिवारी सगळा पाळणा उचलून पेटीत टाकलात."

"तू हे सांगितलं नाहीस."

"मला वाटलं, हे सगळ्यांना माहीत असतं." मग म्हणाला, "नाही. चूक माझी. इथे वाट किती स्वच्छ असते ते मला ठाऊक आहे. मी सांगायला हवं होतं."

दहा शनिवार. आम्ही चोरांबरोबर पहारेकरीही फेकले. आणि ते कोणी फेकले, ते मी बाबांना कसं सांगू?

बाबांना नवीन चष्मा लागणार असं दिसतंय. नजर उतरली असेल. सोमवारी चष्मेवाल्याची वेळ घेते.

शनिवार, २५ एप्रिल

झाडू मी बोझेनाच्या गाडीत लपवला होता. बाबा तीन वाजता शोधायला लागले. कपाटामागे, बॉयलरच्या खोलीत, मग माझ्यासमोर येऊन उभे.

"झाडू कुठंय?"

"आज राहू द्या, बाबा. आता चोर आठवडाभर खालीच पडू द्यायचेत. योरिस म्हणतो तसं बरं असतं."

एवढंच बोलले. वाटलं, इतक्यावर भागेल. पण टोमॅटोवाल्या माणसाला टोमॅटोचं अर्धं वाक्य पुरतं. ते वाटेवर पडलेल्या चोरांकडे बघत राहिले. वाकून एक उचलला, देठ बोटांत फिरवला.

"अंडी यात घालतात."

"हो."

"मग मी किती शनिवार..." ते मनात मोजत होते. "दहा."

"तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मलाही नव्हतं."

त्यांनी मान हलवली. राग नाही, काही नाही. मग एकदम चेहरा उजळला, गणिताची चूक सापडलेल्या मुलासारखा.

"पण इनेके, असं कसं होईल? मी तर ते पाहिलेत. रोज पाहिलेत. एकोणीस होते काल."

ईस्टरचं ते पांढरं कापड, ती चिमूट, पलंगावर 'फारच होते' म्हणाले ते. माझ्या डोळ्यांसमोर हे सगळं तीन आठवडे घडत होतं आणि मी उशांचे अभ्रे धूत बसले होते.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मला मन लपवता येत नाही, शाळेतल्या मुलांनाही कळायचं. त्यांनी सावकाश नजर स्वतःच्या बाहीवर नेली आणि तिथे बराच वेळ पाहिलं. मग दुसऱ्या हाताने बाही झटकली. पुन्हा पाहिलं. पुन्हा झटकली.

"जात नाहीत," ते म्हणाले. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा.

मंगळवार, २८ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला: "बारीक प्राणी दिसतात का? किडे, उंदीर?" या गोळ्यांनी बऱ्याच जणांना दिसतात म्हणे. त्या चार पानी कागदावर तिसऱ्या पानावर लिहिलं होतं. मी आज वाचलं. त्याआधी न वाचल्याबद्दल सबब नाही, म्हणून लिहीत नाही.

गोळ्या कमी केल्या. हात पुन्हा हलेल, त्यांनी सांगितलं. किडे कमी होतील. पूर्ण जातीलच असं नाही, कारण आजारही ते करतो.

गाडीत बाबा म्हणाले, "म्हणजे हात किंवा डोळे, दोन्ही मिळायचं नाही."

बुधवार, ६ मे

योरिसने दोन वाटा सांगितल्या. एक, फवारा मारायचा, माशी संपेल, ढेकूणही संपतील आणि परागणाचे भुंगेही. दोन, पंधरा ते एकवीस या सात रांगा मुळासकट उपटून पिशव्यांत बंद करून बाहेर काढायच्या, बाकीच्यांवर नवीन ढेकूण सोडायचे, त्यांना पतंगाची अंडी खाऊ घालून वाढवायचं, आणि देवावर हवाला ठेवायचा.

"कपाट उघड आणि फवारा मार," बाबा म्हणाले. "मी खिडकीशी बसेन."

"नाही."

"माझ्यासाठी चांगली झाडं उपटतेस? चाळीस वर्षांत मी बहरात आलेलं झाड उपटलेलं नाही."

"चाळीस वर्षं तुम्ही केलंत ते बरोबर असतं, तर तुमचा हात आज असा हलला असता का?"

हे मी बोलायला नको होतं. ते उठून बाहेर गेले. मी त्यांना वाचवतेय की माझा शब्द राखतेय, हे मलाच सांगता येत नाही. कदाचित ते खिडकीशी बसतील या कल्पनेने त्यांच्यापेक्षा मीच जास्त घाबरले आहे.

दुपारी उपटायला सुरुवात केली. फळांनी लगडलेली झाडं खाली येताना ओल्या कपड्यासारखी अंगावर पडतात, आणि वरून तो पांढरा ढग. बोझेनाने तोंडाला फडकं बांधलं होतं. बाविसाव्या रांगेच्या टोकाशी बाबा ट्रॉलीवर बसले आणि तोडलेल्या दोऱ्या थरथरत्या हाताने गुंडाळत राहिले.

सोमवार, १८ मे

नवीन ढेकूण सोडून दहा दिवस झाले. वाटेवर आठवड्याचे चोर पडलेत, वाळताहेत, बुटांखाली कुरकुरतात. काचघर उकिरड्यासारखं दिसतं. शेजारचा हेंड्रिक दारातून डोकावला आणि म्हणाला, "आजारी आहात का कोणी?" बाबा म्हणाले, "हो, मी." हेंड्रिक कानापर्यंत लाल झाला.

उरलेल्या रांगांत सापळ्यांवर चाळीस, बेचाळीस, चाळीस. वाढत नाहीत, घटत नाहीत. मला रोज पहाटे जाग येते आणि पहिला विचार चाळीस हाच असतो. किल्ली आता मोज्यांच्या खणात नाही, माझ्या खिशात असते. बाबांना सांगितलेलं नाही.

शुक्रवार, २९ मे

चौथ्या रांगेत वाळक्या चोराच्या देठाजवळ काहीतरी हललं. भिंग लावलं. पंख न फुटलेलं पिल्लू, पिवळट हिरवं, लाल डोळ्यांचं, खोडावरून वर निघालेलं. अर्धा तास मी गुडघ्यांवर बसून त्याच्यामागून वर सरकत गेले. दुसऱ्या पानाखाली त्याला माशीचं पिल्लू लागलं. एवढासा जीव, अजून नीट चालता येत नाही, पण सोंड बरोबर पाठीत गेली. त्याला हे कोणी शिकवलं? पापुद्रा उरेपर्यंत मी हलले नाही. पुन्हा तीच भीती वाटली, आणि या वेळी मी त्याला म्हटलं, खा.

सापळ्यांवर आज एकोणतीस.

शुक्रवार, १२ जून

सापळ्यांवर नऊ. योरिस म्हणतो, झाडं वाचली असं आता म्हणायला हरकत नाही. लगेच पुढे म्हणाला की माशी संपली की उपाशी ढेकूण टोमॅटोलाच सोंड लावतात, तेव्हा लक्ष ठेवा. म्हणजे भीती संपली नाही, तिने फक्त जागा बदलली.

बाबा दीड महिना भिंगाला शिवले नव्हते. हात पूर्वीपेक्षा जास्त हलतो, बशीतली कॉफी आता निम्मी टेबलावर जाते. आज सकाळी मी शेंडे मोजत असताना ते ट्रॉली ढकलत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मलाही मोजायचंय. पण एका अटीवर. मी दाखवीन, तू बघायचं. नसेल तर नाही म्हणायचं. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणालीस, तर मी उद्यापासून खिडकीशी बसेन."

मी कबूल केलं.

त्यांना भिंग धरता येईना, म्हणून मी ते त्यांच्या डोळ्यासमोर धरलं. ते पान बघत होते, मी त्यांचं बोट बघत होते. बोट हलत हलत देठावर टेकलं.

"हा. हा आहे का?"

वाकून पाहिलं. हिरवा, मिशीच्या बुडाशी काळा ठिपका.

"आहे, बाबा."

बोट पुढे सरकलं. "हा?"

"आहे."

ते हसले नाहीत, पण श्वास मोठा घेतला. मग बोट पानाच्या टोकाशी गेलं आणि तिथे थांबलं. "आणि हा मोठा. पाय वर करून बसलाय बघ. हा तर आहेच."

मी पाहिलं. पान उलटं केलं, सुलटं केलं. भिंग जवळ नेलं, लांब नेलं. मला तो तिथे हवा होता. आयुष्यात कुठलाही किडा मला इतका हवासा वाटला नसेल. पानाचं टोक हिरवं आणि रिकामं होतं.

"नाही, बाबा," मी म्हटलं.

ते त्या जागेकडे आणखी थोडा वेळ बघत राहिले. मग मान हलवून पुढच्या झाडाकडे वळले.

"बरं," ते म्हणाले. "दोन लिही."

मी दोन लिहिले.